कोऱ्या कापडाला न भुलणाऱ्या म्हसकर मॅडम

आमच्या इंजिनाच्या प्रयोगशाळेच्या दारात एके दिवशी रिक्षा थांबली. तिच्यातून आधी एक पोतं उतरलं आणि मग डॉ. यमुना म्हसकर उतरल्या. पोत्यात करंजाच्या शेंगा होत्या, अकलोलीच्या रस्त्यावर वेचून आणलेल्या. मॅडमनी त्या फरशीवर ओतल्या आणि मेकॅनिकलच्या अख्ख्या वर्गाला खाली बसवलं.

"फोडा," त्या म्हणाल्या.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "इंजिनिअरिंगला आलोय की शेंगा सोलायला?"

मॅडमना ते ऐकू गेलं. जराही न रागावता त्या म्हणाल्या, "जे जाळायचं ते कुठून येतं, ते आधी हाताला कळू दे. जळून कुठं जातं, ते नंतर बघू." त्यांचं हे 'नंतर' माझ्या घरापर्यंत येणार आहे, याची मला तेव्हा काय कल्पना! यंदा मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसल्यावर मला आधी त्या शेंगाच आठवल्या.

मॅडमचं संशोधन काय, असं मला अनेकजण विचारतात. करंजाच्या तेलापासून केलेलं इंधन डिझेलमध्ये मिसळून इंजिनात जाळता येतं. पण ते दाट असतं, सगळं नीट जळत नाही. त्यात सेरियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडची, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक पूड चिमूटभर मिसळली, तर ते बरंच चांगलं जळतं, कारण ही पूड काजळीला जळायला ऑक्सिजन पुरवते. मॅडम वर्गात सांगत, "चुलीला आपण फुंकणी लावतो ना? तशी प्रत्येक थेंबात एक फुंकणी." मेकॅनिकलच्या मुलांना फुंकणी म्हणजे काय हे समजावण्यात पुढची दहा मिनिटं जात, ती गोष्ट वेगळी.

प्रयोगशाळेत त्यांची शिस्त कडक. प्रत्येक मिश्रणाची एक बाटली खिडकीत ठेवलेली असे. तळाशी पुडीचा जरासा गाळ दिसला, की इंजिन तापून तयार असलं तरी प्रयोग रद्द. आणि धुरासाठी त्यांनी आमच्या यंत्रमागांच्या गावाची, खास भिवंडीची रीत काढली होती. महागडं यंत्र येईपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून धुराड्यापुढे हातभर अंतरावर लाकडी चौकटीत कोरं कापड ताणून बसवायचं. लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं, आणि दोन्ही वेळा एकाच ताग्यातलं. एकदा पूड न घालता, एकदा पूड घालून. घरच्या स्वयंपाकात मात्र ही शिस्त कुठे जाते कोण जाणे. टेमघरला त्यांच्याकडे रविवारी मी थिसिस घेऊन जात असे आणि जेवूनच परतत असे. आमटीत मीठ असेलच याची खात्री नसायची.

मी हाच विषय पीएचडीला घेतला, तो मुळीच ज्ञानाच्या ओढीने नव्हे. निजामपुऱ्यात आमच्या घराच्या एकुलत्या एका खिडकीखाली रफीकभाईंच्या यंत्रमाग कारखान्याचा जनरेटर आहे. लाइट गेली की तो सुरू होई आणि धूर थेट घरात येई. आई त्याच कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरून दमून आलेली असायची. ती खिडकी लावून घ्यायची, फटीत ओला फडका कोंबायची आणि खोकत बसायची. मला ती खिडकी उघडी हवी होती, बस्स. मॅडमना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. आता नीट काम होईल."

रफीकभाईंच्या परवानगीने आम्ही त्यांच्या जनरेटरवर प्रयोग केला. अर्धी गल्ली जमली होती. पूड न घातलेल्या इंधनाचं कापड तव्यासारखं काळं झालं. पूड घातलेल्याचं जेमतेम मळलं. रफीकभाईंनी ते दुसरं कापड, गिऱ्हाइकाला माल दाखवतात तसं, उजेडात धरलं आणि खूश होऊन म्हणाले, "एकदम साफ! मॅडम, कल से यही डालो."

आमच्याकडे कापडाचा निकाल डोळा लावतो, आणि डोळ्याने एकदा पास केलं की कोणी शंका घेत नाही. सगळेच भुललो. आईने तर त्याच वेळी खिडकी सताड उघडली. मॅडमनी मात्र दोन्ही कापडं वेगवेगळ्या पिशव्यांत घातली. "तपासून येऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. काळ्या कापडात सेरियम नव्हता. स्वच्छ कापडात होता. धातू काही जळून नाहीसा होत नाही. इंधनातून आत गेला, काजळी कमी केली आणि धुराबरोबर बाहेर पडला.

मी मॅडमशी भांडले. "थोडासाच तर आहे! धुरापेक्षा तरी बरा ना?"

मॅडम मूळच्या अकलोलीकडच्या. एरवी पुस्तकी बोलतात. पण आतून हलल्या की गावची बोली वर येते. "धुराचं काय होतं ते आपल्याला ठाव हाय. ह्याचं छातीत काय होतं ते ठाव न्हाय. ते काय तुझ्या आईच्या छातीत बघायचं?"

मला त्यांचा इतका राग आला, की मी बरेच दिवस प्रयोगशाळेत फिरकले नाही. नुसत्या धुराच्या आकड्यांवर चांगला शोधनिबंध छापून आला असता. कॉलेजातल्या वरिष्ठांचीही तीच इच्छा होती. मॅडमनी धातू बाहेर पडतो हे वाक्य निबंधाच्या अगदी सुरुवातीला घातलं. तो निबंध बऱ्याच ठिकाणांहून परत आला.

आणि मग एका दुपारी त्या स्वतः आमच्या घरी आल्या. खाली बसल्या आणि आईला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे खिडकी बंदच?" आईने विचारलं.

"आज तरी बंदच, ताई."

आईने तोंड फिरवलं. चहा दिला, पण कप हातात न देता जमिनीवर ठेवला. मॅडम चहा संपवून खाली उतरल्या आणि जनरेटरचं धुराडं छपराच्या वर न्यायचं कबूल करेपर्यंत रफीकभाईंच्या समोरून हलल्या नाहीत. "मॅडम, आप तो धरना देके बैठ गईं," ते म्हणाले. पाइप वर गेला. वारा पडला की धूर तरीही खाली येई, पण आईचा खोकला थोडा उतरला. तिचं मॅडमवरचं रुसणं मात्र तसंच राहिलं.

पुढची वर्षं मॅडमनी त्याच एका प्रश्नाला दिली. धुराड्यात बारीक छिद्रांची जाळी बसवायची. काजळी तिथे अडते, आणि इंधनातला धातूच तिला तिथल्या तिथे जाळायला मदत करतो. मग तो धातूही राखेसारखा जाळीतच राहतो. सांगायला हे सोपं आहे. जाळ्या तुंबल्या, तडकल्या, इंजिनं गुदमरून बंद पडली. मी पीएचडी होऊन त्याच कॉलेजात शिकवायला लागले, तरी मॅडम कापडं तपासायला पाठवतच होत्या. गेल्या वर्षी जाळीपुढच्या कापडात सेरियम सापडला नाही. मी पेढे आणायला निघाले, तर म्हणाल्या, "थांब. पुन्हा एकदा." पुन्हा तपासलं, पुन्हा सापडला नाही. तेव्हा कुठे रफीकभाईंच्या जनरेटरला ते इंधन आणि ती जाळी मिळाली. आजही मॅडम अधूनमधून कापड लावून जातात.

मॅडम, ज्या 'नाही'साठी मी तुमच्यावर रुसले, त्या 'नाही'मुळेच माझी आई आमच्या प्रयोगातलं कापड झाली नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून या ग्रंथाचा आडोसा घेतला आहे. तुमच्या फुप्फुसांना भरपूर स्वच्छ हवा मिळो, करंजाची पोती उचलायला पाठ ताठ राहो, आणि आमटीतलं मीठ विसरायला अजून पुष्कळ वर्षं तुमच्या हाताशी असोत.

हा लेख मी आईला वाचून दाखवला. खाली जनरेटर चालू होता. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "माझं बी लिव त्यात. म्हणावं, मॅडम, चहाला या. खिडकी उघडी हाय."