उशिरा हसणारे पेंडसेकाका

पेंडसेकाका विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसायचे. नेदरलँड्समधल्या फोरबर्गला मी राहायला आले तेव्हा ते आमच्या खालच्या मजल्यावर होते. जिन्यात एखादा डच शेजारी काही गमतीचं बोलला की सगळे हसून मोकळे होत. काका मात्र क्षणभर गंभीर चेहऱ्याने उभे राहत आणि मग एकटेच मनापासून हसत. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "आधी खात्री, मग हसू. नाहीतर आपण काय, लोकांचे दात बघून हसणार?"

ते निवृत्त इंजिनिअर. मूळचे पुण्याचे, इथे येऊन तीस वर्षं झालेली. काकू वारल्यानंतर एकटेच राहत. त्यांचं डच उत्तम होतं, पण ते कुठल्या वर्गात शिकलेलं नव्हतं. टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेली एक कार्टून मालिका आहे. एक सरळमार्गी, थोडा वेंधळा बाप आणि त्याचं कुटुंब. काका ती रोज वही घेऊन बघत. मलाही त्यांनी त्यावरच डच शिकवलं.

त्यातला एक भाग त्यांनी मला किती वेळा दाखवला असेल, सांगता येणार नाही. मुलीच्या शाळेच्या नाटकात ऐन वेळी कुणीतरी येत नाही, म्हणून बापाला झाड करून उभं करतात. नाटक संपतं. बाई हळूच सांगतात की झाडांनी आता घरी जावं. ते त्याला ऐकू येत नाही. सगळे जातात आणि हा रिकाम्या रंगमंचावर हात पसरून उभाच.

पहिल्यांदा हा भाग लागला तेव्हा त्यांची मुलगी रेवती सहा वर्षांची होती. ती हसून हसून लोळत होती आणि काकांना कशाचं हसू येतंय ते कळेना. त्यांनी विचारलं. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर डचमध्येच यायचं. ती म्हणाली, जाऊ दे बाबा, तुला नाही कळणार. काका मला सांगत होते, "रागावली नव्हती गं ती. अगदी सहज म्हणाली. म्हणूनच लागलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली. रेवतीला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. हॉस्पिटलमध्ये काही दिवसांनी बोलायला लागले, पण फक्त मराठीत. डच पार पुसलं गेलं होतं. नर्सने पाणी हवं का विचारलं तरी ते माझ्याकडे बघत. रेवती युट्रेख्टहून रोज यायची, डचमध्ये बोलायची, आणि काका नम्रपणे मान हलवायचे, परक्या माणसाशी हलवावी तशी. मला ते बघवेना. एका दुपारी बाहेर व्हरांड्यात मी तिला त्या वहीची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप आणला आणि तोच भाग लावला. मध्येमध्ये थांबवून ती मराठीत सांगू लागली. मराठी कसलं, शब्द शोधत, अडखळत. "बाबा, हा माणूस… झाड आहे. नाटक संपला. त्याला कोणी नीट सांगितला नाही."

काका पडद्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "मग तू सांग ना त्याला."

तिने त्यांचा हात धरला. काका हसले. त्या वेळी ते अजिबात थांबले नाहीत.

पुढे तीन आठवडे ती रोज येऊन मराठीत बोलत राहिली. आज काय खाल्लं, गाडीला किती उशीर झाला, बाहेर ऊन आहे की नाही. काका ऐकत असत.

एका सकाळी तिचा मला फोन आला. एरवी ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची. "ताई, बाबा गेली," ती म्हणाली. तिकडे ती थांबली, तिने श्वास घेतला आणि हळू आवाजात पुन्हा म्हणाली, "बाबा गेले."