श्रेय बाटलीचं

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळ्या कॉलरवाली म्हणत. बाह्या, खिसे कुणीही जोडावेत, कॉलर मात्र हिच्याच मशीनवर. हल्ली तिच्या कॉलरी उलट्या बसू लागल्या होत्या. शेजारच्या मशीनवरच्या मावशींनी तोंडावर विचारलं, "काय गं, शिवता शिवता झोपतेस की काय?"

"कुठेतरी झोपू द्या की, मावशी," ती म्हणाली. मावशी हसल्या. तिला हसू आलं नाही.

घरी सासरे होते. त्यांचा विसराळूपणा आता आजार झाला होता. दिवसा खिडकीशी गुपचूप बसत आणि रात्री उठून, कामाला उशीर झाला म्हणत दाराची कडी काढत. दाराशी कुणीतरी झोपावं लागे. आधी नवरा झोपायचा. तो काचेच्या गोदामात कामाला होता आणि संध्याकाळी व्यायामशाळेत. गल्ली त्याला पैलवान म्हणायची. इंजेक्शन नाही, गोळी नाही, निव्वळ मेहनतीची ताकद, याचा त्याला भारी अभिमान. पण वर्षभर त्याची डेडलिफ्ट एकाच वजनावर अडली होती. जमिनीवरून उचललेला बार गुडघ्यापर्यंत यायचा आणि तिथेच रुसायचा. त्याचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून एके दिवशी तीच म्हणाली, "तुम्ही आत झोपा. बाबांचं मी बघते." आपली गादी तिनं दाराशी ओढली. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे तिला स्वतःचाही राग आला तो याच गोष्टीचा.

त्याच आठवड्यात व्यायामशाळेच्या मालकानं त्याला एक बाटली दिली. झाडांच्या मुळ्या-बियांच्या अर्काच्या कॅप्सूल. पुरुषी हार्मोन वाढतं म्हणे, आणि सगळं नैसर्गिक. काही महिन्यांत बार गुडघा ओलांडून वर आला.

त्या व्यायामशाळेत एक रीत होती. ज्याचं अडलेलं वजन सुटेल, त्यानं खडूच्या भुकटीत हात माखून, ज्याची सगळ्यात जास्त मदत झाली त्याच्या पाठीवर पंजा उमटवायचा. रविवारी घरच्यांनाही बोलावणं होतं. सासऱ्यांचा हात धरून ती गेली. मुद्दाम गडद निळा ड्रेस घातला होता. पांढरं त्यावर उठून दिसतं.

त्यानं पंजा मालकाच्या पाठीवर मारला.

"ही बाटली नसती, तर मी अजून गुडघ्यातच अडकलो असतो!" तो ओरडला. टाळ्या पडल्या. सासऱ्यांनीही वाजवल्या.

घरी आल्यावर तिनं पर्स आपटली.

"अगं, बाटलीआधी बार हलत नव्हता, बाटलीनंतर हलला. डोळ्यांनी बघितलंय मी."

"आणि गादी? तीही त्याच आठवड्यात हलली. ती नाही दिसली डोळ्यांना?"

"झोपून ताकद येत असती, तर आमच्या गोदामाचा वॉचमन जगज्जेता झाला असता!"

"मग असं कर. एक सोडून दोन बाटल्या घे. पण आजपासून बाबांच्या दाराशी तू झोप."

लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. तो बघतच राहिला. मग ईर्ष्येनं त्यानं गादी ओढली.

पहिले काही दिवस मिशीला पीळ होता. मग बार पुन्हा गुडघ्याशी थांबला. पुढे त्याहून हलकं वजनही उठेना. मालक म्हणाला, "शरीराला सवय झालीय, डोस दुप्पट कर." दुप्पट करूनही काही झालं नाही. एका संध्याकाळी तो पाय आपटत घरी आला.

"तू मुद्दाम केलंस हे! उद्या स्पर्धेची निवड आहे, आणि इतक्या रात्री डोळ्याला डोळा नाही, नाहीतर मी..."

तो थांबला. तिनं त्याला थांबू दिलं.

"बोल की पुढे. नाहीतर काय?"

तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"मशीनची सुई माझ्या बोटातून गेली तेव्हा तू काय विचारलंस? कपड्याला डाग पडला का! असेलही त्या बाटलीत काहीतरी, मला नाही कळत. पण झोप माझी घेतलीस आणि पावती मालकाच्या नावानं फाडलीस. भर सभेत."

"बरं, चुकलं. आजची एक रात्र बघ. उद्या निवड आहे."

"एक रात्र तू, एक रात्र मी. आज तुझी."

"अगं, पण..."

"निवड तुझी आहे. वडीलही तुझेच आहेत."

खिडकीत अजून उजेड होता. उशी उचलून ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावली. अंग टाकलं, पण कानशिलं तापलेलीच होती. रात्री बाहेर सासऱ्यांची चाहूल लागली, मग बाहेरच्या दाराच्या कडीचा आवाज. सवयीनं ती अर्धी उठली. पुन्हा आडवी झाली आणि मुठी आवळून पडून राहिली.

"बसा बाबा," बाहेर नवरा हळू आवाजात म्हणत होता, "साहेबांचा निरोप आलाय, आज सुट्टी आहे."

ती ताडकन उठून बसली. हे साहेब, हा निरोप, सगळं तिनं रचलेलं होतं, रात्रीच्या अंधारात, फक्त सासऱ्यांसाठी. त्याला तिनं ते कधीच सांगितलं नव्हतं.

म्हणजे आत पडल्या पडल्या त्याला सगळं ऐकू येत होतं.

तिनं कडी तपासली. नीट बसली होती.