हत्तिणीचा डावा डोळा

केशोरीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, तेव्हा भाड्याच्या एका खोलीत एकटाच राहायचो. बायको वारलेली, पोरगी कुडव्याला सासरी. तिचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तोही 'जेवले काय' एवढं विचारण्यापुरता. माझं तोंड पहिल्यापासून कडू. लोक कामापुरते बोलायचे आणि सटकायचे.

गावाबाहेर तळ्याच्या काठी जंगलगस्तीच्या कामातून सुटलेली एक म्हातारी हत्तीण साखळीला असायची. तिच्या डाव्या डोळ्यातून सारखं पाणी गळायचं आणि बुबुळावर पांढरा ठिपका आला होता. डॉक्टरसाहेबांनी तपासून सांगितलं, बुबुळाला जखम आहे, दिवसातून चारदा औषधाचे थेंब घाला, हळूहळू भरेल. थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. माहूत तिला बसवायचा आणि ती डोकं खाली करून डोळा उघडा ठेवायची. पुढं पुढं माझ्या सायकलचा आवाज आला की तिचे हलते कान थांबायचे. खोटं कशाला सांगू, माझी वाट पाहणारं तेवढं एकच कुणी होतं.

मग माहूत पोरीच्या लग्नाला आठवडाभर गावी गेला. चारापाणी त्याच्या हाताखालच्या पोराकडे, डोळा माझ्याकडे. जाताना म्हणाला, "भाऊ, औषध तेवढं चुकवू नोका."

चुकवलं नाही. पण ठिपका काही हलेना. आमच्याकडे बैलाच्या डोळ्यात फूल, म्हणजे असाच पांढरा ठिपका, पडलं की मीठ-तंबाखू चघळून त्याची चूळ डोळ्यात मारतात. माझा बापही मारायचा. दवाखान्यात याच गोष्टीवरून मी कितीतरी शेतकऱ्यांना झापलं होतं! पण माहूत परत येईल तेव्हा त्याला साफ डोळा दाखवायचा, असं मनानं घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. मी मीठ-तंबाखू चघळली, तिला बसायला सांगितलं. ती बसली. रोजच्यासारखा डोळा उघडा ठेवला. मी थुंकलो.

ती ओरडली नाही. उठली, साखळी ताणली आणि झाडाच्या खोडाला डोळा घासत राहिली. सकाळी डोळा सुजलेला, अख्खं बुबुळ दह्यासारखं पांढरं. डॉक्टरसाहेब आले, औषधं बदलली, पण चार दिवसांनी म्हणाले की या डोळ्याची नजर गेली. डोळ्यात काय घातलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी थेंबांची बाटली पुढं केली.

माहुताला मात्र खरं सांगितलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काऊन केलं, भाऊ?" एवढंच म्हणाला. मग तिच्याकडे वळत, "आता येऊ नोका."

तरी मी दोनदा गेलो. सायकलचा आवाज ऐकला की ती चांगला डोळा घट्ट मिटून घ्यायची. दोन्ही वेळा मी होतो तोवर उघडला नाही. तिसऱ्यांदा गेलो नाही.

पावसाळ्याआधी तिला दुसऱ्या हत्तीकॅम्पला चालत नेलं. रस्ता माझ्या खोलीवरूनच होता. मी मुद्दाम तिच्या आंधळ्या बाजूला उभा राहिलो. म्हटलं, माझ्यामुळं तिला डोळा मिटायला नको. पण वास कुठं लपतो? ती थांबली. सोंड आली, माझ्या सदऱ्यावरून फिरली आणि छातीशी जरा टेकून राहिली. माहूत समोर रस्त्याकडेच पाहत होता.

तिचा चांगला डोळा पलीकडच्या बाजूला होता. उघडा होता की मिटलेला, ते चार पावलं वळसा घालून गेलो असतो तर दिसलं असतं. माझी हिंमत झाली नाही.