तीन शब्दांचं थाई

माझा मुलगा बँकॉकला नोकरीला गेला आणि त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं. लग्न तिकडंच लागलं. आम्ही नवराबायको गेलो, सगळ्यांकडं बघून हसलो, हात जोडले आणि परत आलो. सूनबाई मराठी शिकायला लागल्या, तेव्हा सासऱ्यानं निदान थाई वाचायला तरी शिकावं, असं मी घरात जाहीर केलं. घरात जाहीर केलं म्हणजे कर्जतच्या बाजारातही झालंच. किराणा घेतानासुद्धा मी तो विषय काढत असे.

मुलानं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घालून दिला होता. थाई मजकूर त्यात टाकायचा, शब्दावर बाण नेला की अर्थ दिसतो. पहिल्या दिवशी सगळे चौकोनच दिसले. मी बायकोला म्हटलं, "यांची लिपी फार रेखीव आहे."

ती चष्मा लावून बघत राहिली. "अहो, सगळी अक्षरं सारखीच कशी?"

तो फॉन्टचा दोष होता, हे मला आठवड्यानं कळलं. फॉन्ट घातला, तर काने-मात्रे अक्षरांना सोडून गोल ठिपक्यांवर जाऊन बसले. ते जागेवर आणले, तर उच्चार ऐकू येईना. स्पीकरचं बटण बंद होतं. शिवाय थाईत दोन शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत, अख्खं वाक्य एका दमात. ते तोडून शब्द सुटे करायचं काम प्रोग्राम आपल्या कोशावरून करतो. पण त्या कामात माझं मशीन फार हळू चालायचं. मग मी सेटिंगमध्ये शिरलो आणि ज्यांचा अर्थ लागत नव्हता त्या सगळ्या चौकटींतल्या खुणा काढून टाकल्या. मशीन पळायला लागलं. आपण काय काढलं, हे मी बघितलं नाही. तोवर मला घर, मासा, खाणे, नाही, दुपार असे शब्द नजरेनं ओळखता येत होते, आणि तेवढ्यावर मी थाई वाचतो असं सांगत होतो.

मागच्या माघात मुलगा आणि सून आले, सोबत विहीणबाईही आल्या. मऊ बोलणाऱ्या, गुडघ्यांनी अधू. इंग्रजी त्यांना येत नाही. माथेरानला गाडी जात नाही आणि चालणं त्यांना जमणार नाही, म्हणून मुलगा-सून दोघंच एका रात्रीसाठी वर गेले. निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, हिच्या आईंचं काही कळलं नाही तर फोनवर भाषांतराचं आहे, ते वापरा."

"तुझा बाप वाचतो रे," मी म्हटलं.

त्या दिवशी पौर्णिमा होती. विहीणबाई सकाळी पांढरे कपडे घालून आल्या आणि घावणे आवडीनं खाल्ले. दीडच्या सुमाराला पानं घेतली, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, तर त्यांनी हात जोडले आणि पाटावर बसल्याच नाहीत. माझी थोरली बहीण शिळफाट्याहून मुद्दाम त्यांना बघायला आली होती. आक्कानं बायकोला कोपऱ्यात ओढलं.

"रुसली हाय ती."

"वन्सं, रुसतील कशाला?"

"रुसंल नाय तर काय? लग्न तिकडं लागलं. तुमी तिला इथं पाटावर बसवलं? वटी भरली? इहिनीचा मान केला? आन पांढरं बघ ना गं, पुनवेच्या दिवशी!"

आमच्याकडं विहीण जेवत नाही याचा अर्थ एकच असतो. मान राहिला. मग तो रुसवा काढायचा असतो, आणि काढताना मजाही येते. उपास म्हणावा, तर घावणे कोण खाईल?

बायकोनं मुलाला फोन लावला, तो लागेना. आमचे चेहरे बघून विहीणबाईंनी आपल्या फोनवर काहीतरी लिहिलं आणि मला पाठवलं. मी ते कॉम्प्युटरवर उघडलं. चौकोन नव्हते, मात्रे जागेवर होते, पण एक लांबलचक सलग ओळ. बाण कुठंही नेला तरी अर्थ उमटेना. पाठीमागं दोघी उभ्या.

"काय म्हंते रं?"

ओळीत मला तीन शब्द ओळखू आले. दुपार. नाही. खाणे.

"दुपारी... खायला नीट मिळालं नाही, असं काहीसं."

"काहीसं, का तेच?" बायकोनं विचारलं. "ते भाषांतराचं बघायचं का फोनवर?"

"काही गरज नाही. तेच आहे."

आणि विहीणबाईंना, निरोप समजला म्हणून, मी हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं.

मग आक्काच्या अंगात आलं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, नवी साडी काढली, ओटी भरली. केसांत गजरा माळला, मनगटाला अत्तर लावलं. विहिणीचं गाणं म्हणायला शेजारच्या दोघी बोलावल्या. शेवटी आक्कानं शिऱ्याचा घास उचलला आणि विहीणबाईंच्या तोंडापाशी नेला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकट्या माझ्याकडं. मी मोठ्या तोंडानं हसलो आणि पुन्हा हात जोडले. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"गेला बाई रुसवा!" आक्का म्हणाली. सगळ्या हसल्या.

मला ते बघणं खुपत राहिलं. संध्याकाळी मी मशीनपाशी बसलो आणि काढलेल्या खुणा एकेक करून परत लावल्या. एकीनं सगळं अडकलं. दुसरीनं चौकोन परत आले. आणखी एक लावली, मशीन बंद करून चालू केलं आणि ती ओळ पटापट तुटून शब्द सुटे झाले. बाण फिरवत मी वाचलं. आज पवित्र दिवस आहे. मी आठ नियम पाळते. दुपारनंतर खात नाही. सकाळचं फार चविष्ट होतं. काळजी करू नका.

'आठ नियम' या शब्दावर बाण ठेवला, तर कोशात बौद्धांच्या व्रताची यादीच उघडली. हिंसा-चोरीचे नेहमीचे नियम वर, आणि त्यांच्याखाली हे. दुपारनंतर, म्हणजे बारानंतर, खाणं नाही. गाणं-नाचणं नाही. फुलं, अत्तर, नटणं नाही. मी ती खाली खाली वाचत गेलो आणि कान तापत गेले. यातलं आम्ही एकही सोडलं नव्हतं. नाचलो तेवढं नव्हतो, तर शेजारचीनं फेर धरला होता तेही आठवलं.

स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. आक्का उभ्याची खाली बसली. तिनं जन्मभर स्वतःचा एक उपास मोडला नाही.

"म्हंजे म्या मोडला तिचा?"

"तू नाही. मी."

"तू तर म्हनालास, तेच लिवलंय."

बायकोनं नुसता गॅस बंद केला.

दुपारपासून माथेरानला फोन लागत नव्हता, तो तेव्हा लागला. मुलानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, ते भाषांतराचं वापरलं नाहीत?"

"नाही."

मग त्यानं फोन सुनेला दिला आणि मी इकडचा विहीणबाईंच्या हातात. मायलेकी बराच वेळ बोलल्या. विहीणबाई बोलता बोलता गजऱ्याला हात लावत होत्या. तो त्यांनी मघाशीच काढून ठेवायला हवा होता, पण आक्काला वाईट वाटेल म्हणून अजून तसाच होता. मग फोन माझ्याकडं आला.

"बाबा," सूनबाई जपून मराठी बोलतात, "आई राग नाही. आईला माहीत होतं तुम्हाला कळलं नाही. पण सगळे खूश होते, म्हणून खाल्लं. उद्या सकाळी परत नियम घेते. फक्त उद्या गाणं नको म्हणते."

आईला माहीत होतं. चौकोनांना लिपी म्हणालो, त्याहून हे जड गेलं. माझं हसणं बघून त्यांना सगळं वाचता आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं अकरालाच पानं वाढली. विहीणबाई पोटभर जेवल्या, बिरडं मागून घेतलं. आक्का वाढता वाढता सवयीनं गुणगुणायला लागली आणि चटकन तोंडावर पदर धरला. विहीणबाईंना हसू फुटलं, मग आक्कालाही. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. बायको म्हणाली, "वर बघा तरी, त्या तुम्हाला काहीतरी म्हणतायत." मी खिशातून फोन काढला, ते भाषांतराचं उघडलं आणि तो त्यांच्यापुढं धरला.