बुरशीचं माहेरपण

बुरशीचं माहेरपण करावं तर आमच्या ताईंनीच. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत त्या बुरशीचे जीन बदलतात, आणि सुट्टीत दिग्रसला आल्या की आमच्या स्वयंपाकघरात बुरशी शोधत फिरतात. लोणच्यावर बुरा आला म्हणून मी कपाळाला हात लावला, तर या मागून धावत आल्या, "फेकू नको व! मले पाहू दे पहिले." कापसाच्या जिनिंगमागच्या गोदामात त्यांना गाईंना चारायची सरकीची ढेप हुंगताना पाहून व्यापाऱ्याला वाटलं, सरकारी तपासणीच आली. त्याने खुर्ची मांडली, चहा सांगितला. ताईंनी चहा घेतला आणि वर हिरवट बुरशी धरलेला ढेपेचा तुकडाही मागून घेतला.

ही बुरशी ढेपेत विष तयार करते आणि ते गाईच्या दुधात उतरतं. तो विष बनवणारा जीनच काढून टाकायचा, हा ताईंचा ध्यास. एकदा ताईंना पाहायला मंडळी आली होती. मुलाच्या आईने सहज विचारलं, "काय काम असतं तुमचं?" ताईंनी शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याची खिळ्याला अडकून फाटलेली बाहीच ओढून पुढे केली. "डीएनए असा तुटला, की बुरशी घाईघाईत टोकाले टोक जोडून मोकळी होते. आपण दिलेला तुकडा भलतीकडंच चिकटवते. म्हणून तिची ही घाईची शिलाई आधी बंद करा लागते. मग ती आपला तुकडाच नमुना धरून, बरोबर जागी दुरुस्ती करते." तोवर मुलाच्या आईने पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली होती. त्यांच्याकडून निरोप आला नाही. तो यायचा होता, हेही ताईंच्या लक्षात राहिलं नाही.

पण एका उन्हाळ्यात ताई आल्या त्या गप्पच. विषाच्या जीनआधी रंगाच्या जीनवर हात बसवायचा होता. नेम लागला तर हिरवी बुरशी पांढरी उगवणार. पण ती दर वेळी हिरवीच उगवत होती. ओट्यावर शिळी भाकर बुरसली होती, ताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाई घाबरल्या. जन्मभर बुरशीच्या नावानं बोटं मोडणाऱ्या त्या बाईने ओल्या फडक्यात ब्रेडचा तुकडा झाकून ठेवला आणि चांगली लव धरल्यावर लेकीपुढे नेला.

"पाह्य बरं, ही कोणती हाये?"

ताईंनी भिंग लावलं. "साधीच हाये व आई, ब्रेडवरची."

"मंग? साधी चांगली नसते काय?"

ताई हसल्या, आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. दोन दिवसांनी नागपूरची गाडी धरली.

पांढरी बुरशी पुढल्या हिवाळ्यात उगवली. ताईंनी फोनवर फोटोच पाठवला. हिरव्या ठिपक्यांत एकच ठिपका, दुधासारखा. आम्ही सगळे त्यावर तुटून पडलो. सासूबाईंनी मात्र फोन हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बुरशी वाढवलेल्या बशीच्या काचेच्या झाकणात ताईंचा वाकलेला चेहरा उमटला होता. सासूबाई तेवढाच मोठा करून पाहत होत्या.

"केस किती पिकले व हिचे," त्या म्हणाल्या.