नीरेच्या उतारावरची हाक

सुरुवातीलाच सांगतो, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जंगलखात्यात गार्ड म्हणून अर्धं आयुष्य माळावर गेलं. चकवा म्हणजे वाट चुकलेल्याची सबब, असं मी इतरांना हसून सांगत आलो. तुमच्या सदरातले अनुभवही मी तसेच वाचतो. तरी लिहितोय... कारण हे मला सुटत नाही, आणि त्यातला एक भाग मी घरातही कधी बोललेलो नाही.

माझं बीट अंथुर्ण्याकडच्या माळापासून खाली नीरेच्या काठापर्यंत, बारामती-इंदापूरच्या शिवेवर. नदीअलीकडं सरकारी राखीव कुरण, पलीकडं संस्थानाचं. स्वराज्याआधी हे खरोखरच दोन मुलूख होते – कायदे वेगळे, परवाने वेगळे, पोलीस वेगळे. हरणं मात्र तीच. उन्हाळ्यात नदी डबक्यांवर आली की कळप पलीकडं चरायला जायचा, पावसाच्या तोंडावर परतायचा. चोरटे शिकारी त्याला नेमके पात्रातच गाठायचे. तिथं मारलेल्या हरणाचा जाब कुणी कुणाला विचारायचा, हेच ठरत नसे.

म्हणून दोन्हीकडच्या जुन्या रखवालदारांनी आपापसात एक रीत पाडली होती. कळप पात्रात उतरला की अलीकडच्यानं हाक द्यायची – "आलं होऽ". शेवटचं जनावर वर चढलं की पलीकडच्यानं ओरडायचं – "पोचलंऽ". एखादं मागं राहिलं तर तेही तोच सांगणार, कारण आपला काठ समोरच्यालाच नीट दिसतो. आणि "पोचलं" ऐकू येईपर्यंत हाक देणाऱ्यानं नदीकडं पाठ करायची नाही.

माझ्या वेळी पलीकडं तात्या होते. वयानं मोठे, जिभेला धार. माझा आवाज जरा पडला की तिकडून विचारायचे, "रावसाहेब, भाकरी घरीच इसरला का? हरणाला बी ऐकू आलं न्हाय."

मग संस्थान विलीन झालं. तात्या काही वर्षं तसेच कामावर राहिले. बावन्नच्या आसपास बारामतीच्या डाकबंगल्यावर आमच्या खात्याचे साहेब आले आणि मला बोलावणं आलं. नकाशा पसरून त्यांनी विचारलं, आता सरहद्दच उरली नाही, तर पलीकडं वेगळा माणूस लागतो का? मला ती रीत सांगता आली असती. पण दोन्ही काठ माझ्याच बीटात आले तर – हे डोक्यात शिरलं. मी म्हणालो, "नाही साहेब. मी एकटा बघतो."

तात्यांना घरी बसवलं. पुढं ते वालचंदनगरला साखर कारखान्यात, गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकायच्या कामाला लागले. मी त्यांना सांगितलं, वरूनच हुकूम आला. ते एवढंच म्हणाले, "व्हय. वरचं वरच्यालाच ठावं."

हाक द्यायचं मी सोडून दिलं. कुणाला देणार?

त्या उन्हाळ्यात कळप उतारावर आला, पात्राच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला. पलीकडच्या काठाकडं तोंडं करून तापल्या वाळूत नुसता उभा. बऱ्याच वेळानं माघारी. दुसऱ्या दिवशी तेच, मग रोज तेच. मला वाटलं, पलीकडं बिबट्या बसला असेल. जाऊन पाहिलं, माग नाही, काही नाही. इकडं जीपमधून फिरणाऱ्या शिकाऱ्यांना बातमी लागली होती. उघड्या पात्रात उभा कळप म्हणजे त्यांना आयतंच. एक मादी गेलीसुद्धा.

एका दुपारी, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, मी हाक दिली. स्वतःचीच लाज वाटत होती. "आलं होऽ..."

पलीकडून उत्तर आलं, "एक राहिलंयऽ".

आवाज तात्यांचा. मी नीट पाहिलं – बाभळी, वाळू, ऊन. माणूस नाही. पण पाय आधीच मागं वळले होते. माझ्या काठावरच्या बाभळीच्या जाळीत एक पाडस तारेच्या फासात अडकलं होतं, धडपडून दमलेलं. ते सोडवलं. ते धावत कळपात मिसळलं, आणि कळप सरळ पलीकडं चढून गेला.

मी "पोचलं" ऐकायला उभा राहिलो. ते आलं नाही.

संध्याकाळी सायकल मारत वालचंदनगर गाठलं. तात्या पाळी संपवून फाटकातून बाहेर येत होते, बरोबर एक जोडीदार. मी विचारलं, "तात्या, आज नदीवर आला होता का?"

"पाळी सोडून कुटं जातोय?"

जोडीदार हसायला लागला. "नदीवर न्हाय, पर ह्यांचं चित्त तितंच हाय. दुपारी मोळी टाकता टाकता हात वर करून वरडले, एक राहिलंय. आमी समदी राहिलेली मोळी हुडकत बसलो."

तात्या हसले नाहीत. माझ्याकडं बघत म्हणाले, "घावलं का?"

"घावलं," मी म्हणालो. "पण तुम्हाला कसं कळलं?"

"काय ठावं. तोंडातनं निघालं. माझं मलाच कळंना." मग डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसत म्हणाले, "घावलं न्हवं? मग बरं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. साहेबांनी मला विचारलं होतं, तात्या. एवढंच. मी सायकल वळवली.

तेव्हापासून विचार करतोय. मनानं जुना आवाज ऐकवला म्हणावं, तर जोडीदारानं ऐकलेलं काय? कळप पाडसासाठी थांबला म्हणावं, तर आधीच्या दिवसांत फास कुठं होता? आणि जो माणूस मी घालवला, त्याच्याच तोंडून ते का निघावं? काहीच जुळत नाही.

तात्या अजून कारखान्यात आहेत. त्यांना वाचता येत नाही. हे छापून आलं, तर अंक घेऊन मीच जाणार आहे, आणि डाकबंगल्यातला भाग गाळणार नाही.

उन्हाळ्यात मी आता हाक देतो. कळप न थांबता चढून जातो. पलीकडून मात्र काही येत नाही. रीत तर हीच, की "पोचलं" ऐकल्याशिवाय पाठ करायची नाही... म्हणून मी तिथं उभा असतो, सावल्या लांब होईपर्यंत.