उचलतो, पण सोडत नाही

हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर माझं पोट दुखेल. ऑफिसचा टाइपरायटर जेवणाच्या सुट्टीत मोकळा मिळालाय, म्हणून धडाधड बडवतेय. चुका झाल्या तर चालवून घ्या.

मी मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. प्रोबेशनवर. गेल्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता हेड ऑफिसचे मोठे साहेब माझा रेणू बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर मी पर्मनंट. नाहीतर प्रोजेक्ट बंद आणि मी घाटकोपरला घरी, आईच्या हाताखाली.

रेणू काय करतो? आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला तेलकट पडदा असतो. पोटॅशियमचे कण, म्हणजे आयन, पाण्यात मजेत असतात, पण तेलात शिरायला तयार नसतात. मग त्यांना उचलून पलीकडे नेणारा कुणीतरी लागतो. तो आम्ही लॅबमध्ये बनवतो. दिसायला बांगडीसारखा. मधल्या भोकात पोटॅशियम बसतं, बाहेरून सगळं तेलकट. आमच्या लॅबप्रमुख सरांच्या जुन्या रेणूत एकच बांगडी होती. मी हुशारी करून वरून आणखी एक कडी जोडली. घट्ट पकडेल म्हणून!

तपासायला इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी घ्यायची. तळाला क्लोरोफॉर्म. तो पाण्यात मिसळत नाही, म्हणून तोच आमचा पडदा. डाव्या हाताला पोटॅशियमचं पिवळंधमक पाणी, उजव्या हाताला साधं पाणी. पिवळा रंग पोटॅशियमच्या जोडीदाराचा, तो त्याच्याबरोबरच पलीकडे जातो. उजवं पिवळं झालं की रेणू पास. (हे पिवळं बोटांनाही लागतं. आई विचारते, "मला न सांगता हळद लावून घेतलीस काय गं?")

माझं उजवं पाणी दोनदा पिवळं झालं होतं. झकास! मोठ्या साहेबांना बोलावणं गेलं.

शुक्रवारी सकाळी मला आठवलं, ब्लँक केलाच नाही. ब्लँक म्हणजे सगळं तसंच, फक्त रेणू घालायचा नाही. तेव्हा उजवं पाणी साधंच राहायला हवं. नऊला लावला. अकराला बघते तर उजवीकडे पिवळी झाक.

रेणू नाही, तरी पिवळं!

"काका, हा क्लोरोफॉर्म कुठला?"

धर्माकाका आमचे लॅब असिस्टंट. माहुलचे कोळी, नोकरीत माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झालेली.

"कुठला म्हंजे? धुतलेला. सरांचा नियम हाय ना, थेंब फेकायचा नाय. पाण्यानं तीनदा धुवायचा, पिवळं गेलं की परत बाटलीत."

"आधी कशात वापरला होता?"

"सरांच्या जुन्या प्रयोगात."

वाट लागली. पाण्याने धुतल्यावर पिवळं जातं, पण बांगडी जात नाही. ती पाण्यात विरघळू नये म्हणूनच तर आम्ही ती तशी बनवतो! म्हणजे मी दोन्ही वेळा वापरलेल्या बाटलीत सरांचा जुना रेणू गुपचूप बसला होता. पलीकडे माल नेत होता तो, आणि शाबासकी मला.

मी काकांकडे नवा, सीलबंद क्लोरोफॉर्म मागितला.

"देतो. पण तुझा वापरलेला मी नाय धुणार आता. सरांचा तीन धुण्यात पाण्यासारखा होतो. तुझा सात वेळा धुतला, पिवळा तो पिवळाच! हात दुखले माझे."

सव्वाअकराला नव्या क्लोरोफॉर्मवर तीन नळ्या लावल्या. एक ब्लँक, एक सरांच्या रेणूची, एक माझ्या. दोन वाजता ब्लँक साफ. सरांची उजवीकडे पिवळी. माझी? तळाचा क्लोरोफॉर्म गडद पिवळा, आणि उजवं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं.

काका वाकून बघत राहिले. "होडी भरली, पलीकडे लागली, पण माणसं उतरतच नाय. मग दुसरी फेरी मारणार कशी?"

सात धुण्यांचं कोडं सुटलं. माझा रेणू पोटॅशियम उचलतो, पण सोडत नाही.

खरं सांगते, जुनी बाटली हाताशी होती. तीच वापरली असती तर कुणालाही कळलं नसतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी बाटलीकडे. मग मी गेले सरांच्या केबिनमध्ये.

सर ऐकून म्हणाले, "ब्लँक आधी का नाही केलास?"

"क्लोरोफॉर्म वाचवत होते, सर."

"कुणी सांगितलं होतं वाचवायला?"

"तुम्ही, सर."

सर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "तिन्ही नळ्या मांडून ठेव. काही लपवायचं नाही."

तीन वाजता मोठे साहेब आले. मी सगळं धडाधडा सांगितलं, धुण्यासकट.

"म्हणजे चालत नाही," ते म्हणाले.

"उचलतो, साहेब. सोडत नाही."

"अशी माणसं माझ्याकडे हेड ऑफिसला भरपूर आहेत," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. मग सरांना विचारलं, "पकड ढिली करता येईल?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कडी काढून तिच्या जागी बांगडीला नुसती लोंबती शेपटी ठेवली तर होईल, साहेब. ती पकडेल, पण सोडेलही."

प्रोजेक्ट चालू राहिला. मी पर्मनंट झाले नाही, प्रोबेशन तीन महिने वाढलं. सोमवारपासून शेपटी जोडतेय.

धडा एवढाच, ब्लँक आधी करायचा, साहेबांना नंतर बोलवायचं. जुन्या बाटलीवर काकांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय, "धुतलेला आहे. साफ नाही."

तुमच्या कामात झालंय का असं? शाबासकी तुम्हाला मिळाली आणि काम भलत्यानेच केलेलं निघालं? आणि मग जाऊन सांगितलंत का?